रंग एकाचा, विमान दुसऱ्याचं आणि बॅग माझी

तिकिटाच्या ईमेलमध्ये सगळ्यात खाली, "रिफंड मिळणार नाही", "तारीख बदलली तर पैसे पडतील" असल्या धमक्यांच्याही खाली, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात एक ओळ असते. हे विमान अमुक अमुक कंपनी आमच्या वतीने चालवते. झालं. एवढं वाचलं की मी बायकोला सांगतो मोठी बॅग घेऊ नको, ती म्हणते अरे हीच लहान आहे, आणि तिचंही बरोबर असतं, कारण बाकी सगळ्या विमानांत त्या बॅगेला लहानच म्हणतात, फक्त या विमानाच्या दारात तिला बघून लोक दचकतात.

बरं, हे कुठे? तर शिकागो-न्यूयॉर्क. शेतात एक धावपट्टी आणि शेजारी कॉफीचं मशीन अशा कुठल्या गावाला जात असतो तर मी चकार शब्द काढला नसता, तिथे विमान येतंय हेच उपकार. पण इथे शिकागोच्या ओहेअर विमानतळावर माणसांचा महापूर, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला माणसांचा महापूर, मधे सातशे-साडेसातशे मैल, आणि गेटच्या काचेतून बघावं तर समोर विमान उभं ७६ सीटचं. कधी ५० चं. शेजारच्या गेटवर मोठं विमान उभं असतं ते कुठेतरी दुसरीकडेच चाललेलं असतं.

या उन्हाळ्यात आई आली होती मुंबईहून, तिला न्यूयॉर्क दाखवायचं होतं. आई आमच्या सोसायटीची बरीच वर्षं खजिनदार होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कारभाराकडे ती पावतीपुस्तक मागितल्यासारखं बघते. तिला ती बारीक ओळ मी वाचून दाखवली हे माझं दुर्दैव.

"अरे पण विमानावर तर यांचंच नाव आहे एवढं मोठं."

"रंग यांचा आहे आई. पायलट, एअर होस्टेस, मेकॅनिक सगळे दुसऱ्या कंपनीचे. तिकीट हे विकतात, कुठलं विमान किती वाजता जाणार ते हे ठरवतात, इंधनाचा खर्चही बहुतेक वेळा यांच्याच खात्यात. ती दुसरी कंपनी नुसती चालवून देते, फेरीमागे ठरलेले पैसे घेते."

"मग माणसं भरली काय नि नाही भरली काय, त्यांना काय पडलंय?"

"काही नाही."

आई दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या सोसायटीचं रंगकाम."

आता याला उत्तर नाही. आमच्या बिल्डिंगला रंग लावला तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पाणी झिरपायला लागलं, तर कमिटी म्हणायची कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणायचा कमिटीने सांगितलं तेवढंच केलं, आणि ज्याच्या भिंतीला ओल आलेली तो माणूस दोघांच्या मधे जिन्यात उभा. अमेरिकेत त्या जिन्याला गेट म्हणतात.

आणि कंत्राटदारही काही टपरीवाले नसतात हं. युटामधल्या सेंट जॉर्ज गावची स्कायवेस्ट नावाची कंपनी आहे, १९७२ पासूनची, ती युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का अशा चौघांसाठी विमानं उडवते. चौघं एकमेकांचे कट्टर स्पर्धक, जाहिरातीत एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि कंत्राटदार मात्र एकच. नावांना फक्त एक्स्प्रेस, कनेक्शन, ईगल अशी शेपटं लावलेली. म्हणजे एका कंपनीवर रुसून तुम्ही तावातावाने दुसरीकडे तिकीट काढलं, तर पुन्हा त्यांच्याच विमानात, फक्त शेपटीचा रंग वेगळा.

"मग ती ओळ तरी कशाला छापतात? एवढं झाकायचंय तर झाकायचं ना पूर्ण," आईचा पुढचा प्रश्न.

याचं उत्तर मात्र हसण्यासारखं नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला नेवार्कहून बफेलोला निघालेलं एक विमान उतरता उतरता घरावर कोसळलं, विमानातले ४९ आणि घरातला एक असे ५० जण गेले. तिकिटावर आणि विमानावर नाव कॉन्टिनेन्टलचं, चालवत होती कोल्गन एअर. नंतर गेलेल्यांच्या घरच्या लोकांनी वॉशिंग्टनला खेटे घालघालून २०१० मध्ये कायदा करून घेतला, त्यात एक कलम असं की विमान खरं कोण चालवणार ते तिकीट विकतानाच सांगायचं, आणि दुसरं असं की को-पायलटलाही वरचं लायसन्स हवं, म्हणजे साधारणपणे १५०० तास उडवण्याचा अनुभव, तो २०१३ पासून लागू झाला. तेव्हा ती ओळ बारीक असली तरी फुकट आलेली नाही. आईने हे ऐकल्यावर ईमेल पुन्हा उघडायला लावला आणि ती ओळ बोटांनी मोठी करून स्वतः वाचली.

मग मूळ दुखण्यावर आलो, की एवढी गर्दी तर विमान मोठं का नाही. मला आधी वाटायचं कोणीतरी गर्दी मोजत असेल, विचार करत असेल. छे. ५० आणि ७६ हे आकडे मोठ्या कंपन्यांच्या पायलटांच्या करारात लिहिलेले असतात. त्या कलमाला स्कोप क्लॉज म्हणतात. पायलट मंडळींचं म्हणणं असं की बाबांनो कंत्राटदाराला काम द्यायचं तर द्या, पण त्याने ७६ च्या वर सीटचं विमान चालवायचं नाही, आणि उड्डाणाच्या वेळचं वजन ८६,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण ३९ टनांच्या, वर जायचं नाही, नाहीतर उद्या आमची सगळी विमानं स्वस्तात बाहेर जातील. आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, मी त्यांच्या जागी असतो तर ४० वरच अडलो असतो. फक्त त्यांच्या आणि मॅनेजमेंटच्या भांडणात जो आकडा ठरला त्या आकड्यात मी माझे गुडघे बसवतोय एवढंच.

या कलमापायी काय काय झालंय ऐका. ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीने ई-१७५ या छोट्या विमानाची नवी आवृत्ती काढली, इंजिनं नवी, इंधन कमी खाणारी, सगळं छान, पण ती इंजिनं जड, त्यामुळे विमान ८६,००० पौंडांच्या वर गेलं आणि ज्या अमेरिकन गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून ते केलं त्यांनाच ते घेता येईना. करार काही सैल होईना म्हणून २०२२ मध्ये काम थांबवून ठेवलं. विमान उडायला हलकं होतं, कागदाला जड झालं. दुसरीकडे युनायटेडने २०१९ मध्ये सीआरजे-७०० नावाच्या ७० माणसं बसतील अशा विमानातून २० सीट काढल्या, कारण करारात त्याहून मोठ्यांचा कोटा संपलेला, ५० वाल्यांचाच शिल्लक, आणि मोकळ्या जागेत बॅगांची कपाटं केली, खाऊचं काउंटर केलं, पहिल्या वर्गाच्या १० खुर्च्या टाकल्या आणि नाव दिलं सीआरजे-५५०. हे ऐकून आई म्हणाली, "हे करणारा माणूस संसारी असणार. आपलं ते आहे का?"

आपलं ते नव्हतं. आपलं आदल्या रात्रीपर्यंत मोठं विमान होतं, मी खिडकीची सीट निवडलेली, २२ वी रांग, आणि सकाळी फोनवर मेसेज आला की इक्विपमेंट चेंज. नवीन विमानात मुळात २२ वी रांगच नाही, १३ ला विमान संपतं.

गेटवर माइकवरून गोड आवाजात सांगितलं की आजचं विमान "थोडं कॉम्पॅक्ट" असल्यामुळे चाकांच्या सगळ्या बॅगा दारात द्याव्या लागतील, आणि बॅगेतली पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या काढून सोबत घ्या कारण लिथियमच्या बॅटऱ्या खाली सामानात चालत नाहीत. नियम रास्त आहे. पण तो पाळताना जे होतं ते बघण्यासारखं असतं, विमानाच्या दाराशी त्या निमुळत्या बोगद्यात सूट घातलेले मॅनेजर लोक उकिडवे बसून आपापल्या बॅगेत कोपरापर्यंत हात घालून चाचपडतायत, कोणाचा मोजा बाहेर, कोणाचा दाढीचा ब्रश बाहेर, मागून लाइन ढकलतेय. आईने बॅटरी काढलीच, शिवाय गुडघ्याचं तेल, गोळ्यांचा डबा आणि मावशीच्या सुनेसाठी आणलेला गोड्या मसाल्याचा डबा काढला. म्हटलं मसाला कशाला? तर म्हणे, "ते आपटतील बॅग. कंत्राटी माणसं आहेत." त्यावर गुलाबी टॅग बांधणारा मुलगा तिच्याकडे बघून हसला, त्याला मराठी येत असण्याची शक्यता नाही, पण मला उगाच शरमल्यासारखं झालं.

आत छत ६ फूट १ इंच. म्हणजे माणूस ताठ उभा राहू शकतो, पण मनातून वाकूनच चालतो. खिडक्या त्याहून मजेशीर, त्या खांद्याच्या खाली असतात, कारण हे विमान मुळात श्रीमंतांच्या चॅलेंजर या खाजगी जेटवरून ओढून लांब केलेलं आहे, त्यामुळे न्यूयॉर्क बघायचं तर मान छातीला टेकवायची. आईला ५ फूट उंचीचा आयुष्यात प्रथमच फायदा झाला, ती मजेत बाहेर बघत होती.

दार लागलं आणि पायलटचा आवाज आला की बॅलन्ससाठी पुढच्या चौघांनी मागे जाऊन बसावं. कोणी हलेना. आईने मला कोपराने ढोसलं, "वजन बघून निवडतात का रे?" म्हटलं नाही गं, सरासरी धरतात. ही सरासरी पण गंमत आहे, एफएए म्हणजे अमेरिकन सरकारचं विमान खातं, त्यांच्या २००५ च्या पत्रकात एक मोठा माणूस हातातल्या सामानासकट उन्हाळ्यात १९० पौंड आणि हिवाळ्यात १९५ पौंड धरला होता, वरचे ५ पौंड गरम कपड्यांचे. आता आकडे बदललेत, पण सरकारने कोणाच्या तरी स्वेटरचं वजन अधिकृतपणे लिहून ठेवलं होतं याचं मला अजून कौतुक वाटतं. शेवटी एक सज्जन जोडपं आणि कॉलेजची दोन पोरं उठून मागे गेली आणि विमानाचा तोल एकदाचा सावरला.

एवढं करून आम्ही तिथेच. न्यूयॉर्कवर वादळी ढग, त्यामुळे तिथे तासाला उतरणारी विमानं कमी केलेली. अशा वेळी प्रत्येक एअरलाइनच्या वाट्याला थोड्याच जागा येतात आणि त्यातलं कुठलं विमान पाठवायचं आणि कुठलं रखडवायचं हे बऱ्यापैकी तीच ठरवते. एका विमानात १८० माणसं, दुसऱ्यात ५०, तुम्ही कुठलं रखडवाल? मीही तेच केलं असतं. गणित चोख आहे, फक्त मी वजाबाकीत बसलोय.

आणि तरी हे सगळं बंद होणार नाही, कारण आपल्यालाच सात वाजताचं विमान हवं, आठचंही हवं, मीटिंग लवकर संपली तर चारचं, लांबली तर सहाचं. दोन मोठ्या विमानांऐवजी पाच छोटी ठेवली की टाइमटेबल भरगच्च दिसतं आणि ऑफिसवाले तिकिटं तिथेच काढतात. वर लाग्वार्डियाला उतरण्या-उडण्याचे स्लॉट मोजून मिळतात आणि ८० टक्के वापरले नाहीत तर हातचे जातात, म्हणून रुमाल टाकून सीट धरावी तसं लहानसं विमान पाठवूनही स्लॉट धरून ठेवता येतो. आम्ही तो रुमाल होतो. खरं सांगायचं तर जुनं ई-१७५ असेल तर माझी तक्रारही निम्मी होते, दोन-दोनच्या सीट, मधली सीटच नाही, कोणाच्याही दंडाशी लढाई नाही.

दीड तासाने निघालो. वाटेत एअर होस्टेसने आईला दोनदा पाणी आणून दिलं, मागे विमानात एकच टॉयलेट होतं तिथपर्यंत हात धरून नेलं, आणि उतरताना "बाय मॅडम" म्हणाली. बोगद्यात सगळे बॅगांची वाट बघत भिंतीला पाठ लावून उभे, त्यात पायलटही स्वतःची बॅग घेऊन बाजूने निघून गेला, त्याला सगळ्यांनी वाट दिली आणि मनातल्या मनात बरंच काही दिलं.

हॉटेलवर पोचेपर्यंत ईमेल आला. रंगवाल्या कंपनीचा. आमच्या विमानात, आमच्या कर्मचाऱ्यांबरोबर तुमचा प्रवास कसा झाला, एक ते दहात मार्क द्या. आई म्हणाली, वाच मोठ्याने. वाचलं.

"त्या पोरीला दहा दे," ती म्हणाली. "पण तिचा पगार हे देतात का?"

"नाही."

"मग यांना कशाला सांगायचं? तिच्या कंपनीचा पत्ता काढ, मी वेगळं लिहिते."

पत्ता काढला, आईने मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत टाइप केलं, खाली "माजी खजिनदार" असंही लिहायला लावलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, परंतु प्रवाशांचे अभिप्राय आम्ही थेट स्वीकारत नाही, कृपया ज्यांच्याकडून तिकीट घेतलं त्यांच्याशी संपर्क साधावा.