गोळ्या विकतो म्हणून लिहितो? तासगावच्या दादांना उत्तर

दादा, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी पडलो मेडिकलवाला, म्हणून "बीपी नॉर्मल आलं तरी गोळी सोडू नका" असं लिहितो, आणि तुमच्या वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी बीपीची न् शुगरची दोन्ही गोळ्या सोडल्यात, चहात गूळ, जेवणात भाकरी-खरडा, आणि ते ठणठणीत आहेत.

धंद्याचं आधी बोलू. अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची गोळी) आणि मेटफॉर्मिन (शुगरची) प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, ऑगस्ट २०२३ पासून तर केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. बीपीचा सरकारी कार्यक्रम २०१७ ला सुरू झाला त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आमचा सातारा होता, आणि महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या म्हणजे माणसाचा रोजगार बुडत नाही हीच त्यातली खरी गंमत. तेव्हा वडिलांना तिकडंच न्या, माझ्या काउंटरवर नको. कधीकधी तिथं स्टॉक नसतो हे मान्य, आणि नेमकी तिथंच गोळी तुटते.

आता मुद्द्याचं. वडिलांचं बीपी नॉर्मल आलं ते गोळी चालू होती म्हणून. मोटर बंद केली तरी पाटात थोडा वेळ पाणी दिसतंच की, तसंच हे. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश उतरते, बीपी काही दिवसांत-आठवड्यांत हळूहळू वर जातं आणि माणसाला कायबी कळत नाही, ना डोकं दुखत ना चक्कर. ठणठणीत वाटणं ही तपासणी नव्हे हो.

"आमच्या आजीनं कधी गोळी बघितली नाही" हेही लिहिलंय तुम्ही. पण अंगावरून वारं गेलेली, वर्षानुवर्षं बाजेवर पडून असलेली म्हातारी माणसं तुमच्या गावात नव्हती का? त्यांचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं एवढंच.

गुळाचं बोलायचं तर उसाच्या पट्ट्यात राहून हे लिहायला जिवावर येतं, पण शुगरवाल्याला गूळ आणि साखर एकच, रक्तात दोन्हीनं शुगर वाढते. भाकरी चांगलीच, फक्त तीनाच्या दोन करा. खरड्यातलं मीठ बघा, वर लोणचं-पापड असेल तर आणखी बघा, दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा.

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के बरोबर. एसटीतून उतरून, तंबाखू मळत आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पट्टा बांधायचा आणि एकाच आकड्यावर "बीपी आहे" म्हणून गोळी लावायची, हे चूकच. पाच मिनिटं बसवा, तंबाखू-चहाला अर्धा तास होऊ द्या, बाही वर करा, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा, दोन्हीदा १४०/९० च्या वर आलं तर बोला. वडिलांचं असं मोजलं होतं का, की एकदाच?

शुगरची गोळी सुटतच नाही असंही नाही, वजन उतरलं तर काहींची सुटते. पण डॉक्टरला सांगून सोडायची, आणि सोडून तीन महिने झाले की एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, करायची, ६.५ च्या खाली आली तर उतरली म्हणायची. तुमचे दोनच महिने झालेत, तोवर थांबू नका, या आठवड्यात बीपी आणि उपाशीपोटीची शुगर करून घ्या. शुगरनं पाय बधिर होऊ शकतात, म्हणून तळपायाला काही टोचलेलं कळतंय का तेही विचारा, उसाच्या बुडख्यात चालणारा माणूस आहे. आकडे इथंच कमेंटमध्ये टाका. चांगले आले तर तेही वर लेखात घालतो.