पीटरची घाई आणि वेठीची माणसं

'पीटर द ग्रेटने शून्यातून सुरुवात करून रशियाला एका पिढीत युरोपच्या पंगतीला बसवलं, कारण त्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं. संसद असती तर शंभर वर्षं नुसती चर्चा चालली असती.' हा मजकूर सध्या फिरतोय.

शून्यातून? मॉस्कोबाहेर परदेशी कारागिरांची नि सैनिकांची वस्ती १६५२ पासून होती. परदेशी धर्तीच्या पलटणी पीटरच्या वडिलांनीच उभ्या केल्या होत्या.

संसदेची गोष्ट तर मजेशीर आहे. १६९७ मध्ये हा झार जहाजबांधणी शिकायला निघाला तो हॉलंड आणि इंग्लंडकडे. एक प्रजासत्ताक, दुसऱ्या देशात राजाला संसदेला विचारल्याशिवाय कर बसवता येत नव्हता. चर्चेत वेळ घालवणाऱ्यांच्याच गोदीत हा सुतारकाम शिकत होता!

'एका पिढीत' म्हणाल, तर त्या पिढीनंतर काय झालं तेही पाहा. वारस झारनेच नेमायचा, असा कायदा त्याने १७२२ मध्ये केला आणि १७२५ मध्ये कोणालाच न नेमता तो मेला. पुढची काही दशकं गादीवर कोण बसणार, हे बऱ्याचदा राजधानीतल्या गार्ड पलटणी ठरवत होत्या.

आता मुख्य मुद्दा. सैन्य, आरमार, पोल्टाव्हाच्या लढाईत स्वीडनवर मिळवलेला विजय हे सगळं खरं. पण ते कोणाच्या जिवावर? १७०५ पासून साधारण वीस घरांमागे एक जवान, तोही जन्मभरासाठी. मग डोईपट्टी: दर पुरुषामागे ७४ कोपेक, आणि पुढची शिरगणती होईपर्यंत मेलेल्यांचीही भरायची. १७२१ मध्ये कारखानदारांना कामासाठी भूदासांची, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, गावंच विकत घ्यायची मुभा मिळाली. कारखाना दुसऱ्याला विकला की माणसंही त्याच्यासोबत जात. यंत्रं नवी आली, वेठ मात्र जुनीच राहिली, उलट आणखी घट्ट झाली.

भूदासांची मुक्तताही झारच्याच हुकमाने झाली, असं कोणी म्हणेल. बरोबर. पण तो हुकूम निघाला १८६१ मध्ये, क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन-फ्रान्सकडून मार खाल्ल्यावर. पीटरच्या मृत्यूनंतर १३६ वर्षांनी. शिवाय जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते शेतकऱ्यांच्या डोक्यावर बसले, तेही ४९ वर्षांचे.