चार पायऱ्या नि एक दांडा

परवाच्या रविवारी आमच्या डब्लिनच्या मराठी ग्रुपमधली दोन कुटुंबं विको बाथ्सला, म्हणजे कड्याखालच्या समुद्रात पोहायच्या जागेला, जाऊन आली आणि संध्याकाळी तक्रारींचा पाऊस सुरू झाला. पार्किंग नाही. टॉयलेट नाही. कपडे बदलायला खोली नाही. वाळू औषधालाही नाही. चहाची टपरी नाही. "एवढं नाव ऐकलं होतं, आणि आहे काय, तर चार पायऱ्या नि एक दांडा!"

मला त्या दांड्याबद्दलच लिहायचंय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी वाट सांगते. डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, डॉकीला उतरायचं आणि पंधरा-वीस मिनिटं चढाने चालायचं. इथल्या खाडीचं रूप नेपल्ससारखं म्हणून आसपासची नावंही इटालियन, विको काय, सोरेंटो काय. कोट्यवधींची घरं. त्या श्रीमंत रस्त्याच्या कडेला दगडी गडगा आणि गडग्यात माणूस जाईल एवढी फट. आमच्याकडे कोकणात अशा जागी बेडं, म्हणजे बांबूंचं फाटक असतं, इथे तेही नाही. आत शिरलं की उतार, मग रेल्वे रुळांवरचा छोटा पूल, मग पायऱ्यांची वाट, पाखाडीच म्हणा ना, थेट समुद्रापर्यंत. कड्याच्या पोटाशी काँक्रीटचे ओटे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, हाताशी लोखंडी कठडे, तोच तो दांडा. बाजूला खडकात बांधलेला चिमुकला तलाव, भरतीला आपोआप भरणारा. समोर डॉकीचं बेट, त्यावर गोल बुरूज. नशीब असेल तर एखादा सील डोकं वर काढून आपल्याकडे बघतो.

मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात. ऊन बघून फसले. गुहागरकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मी, वाटलं, पोहणं ते पोहणं. मे महिन्यात इथलं पाणी दहा-अकरा अंशांचं असतं. ऑगस्टमध्येही पंधराच्या फार वर जात नाही. तिसऱ्या पायरीवर कंबरेपर्यंत पाणी आलं आणि छाती अशी आवळली की श्वास नुसता आत आत जायला लागला. हात कठड्याला चिकटलेले. शेजारी सत्तरीच्या एक आजीबाई होत्या, लोकरी टोपी घालून निवांत पोहत. म्हणाल्या, "घेऊ नकोस, सोड. आधी श्वास सोड." सोडला. मिनिटभराने छाती मोकळी झाली. ते एक मिनिट कठडा नसता तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी नंतर चहा पिताना केला. पोहता न येणाऱ्यांपेक्षा पोहता येणारेच या पहिल्या मिनिटात जास्त गाफील असतात, हे माझं मत.

त्याच आजींनी पुढच्या खेपेला आणखी काही गोष्टी शिकवल्या. पाण्यात जाण्याआधी, बाहेर कुठून यायचं ते ठरव. आणि दोन मिनिटं नुसती उभी राहून लाटा बघ, मोठी लाट पायरीवर कुठवर चढते ते कळेपर्यंत उतरू नकोस. बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी जास्त थंडी भरते, म्हणून फोटो नंतर, आधी कपडे आणि टोपी. इथे लाइफगार्ड नाही. जी काही राखण आहे ती ही अशी, एकमेकांना सांगून.

आता आपल्याबद्दल, आणि यात मीही आलेच. पुढच्या महिन्यात मी अकरा जणांना घेऊन गेले. डबे, चटया, ब्लूटूथ स्पीकर. कोळीगीत लावलं. एका मैत्रिणीने रील करायला फोन फिरवला तसा ओट्यावर टॉवेल गुंडाळून कपडे बदलणाऱ्या एका काकांनी टॉवेल घट्ट धरून पाठ फिरवली. कोणी ओरडलं नाही. फक्त सगळे गप्प झाले. आजी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "कॅमेरा पाण्याकडे धर, माणसांकडे नको." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली नाही ना, मग सगळा ओटाच खोली असतो. ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

म्हणून पार्किंगची मागणी मला पटत नाही. तिथे शंभर गाड्यांची सोय केलीत तर त्या चार पायऱ्यांवर चारशे माणसं उभी राहतील, आणि उधाण असताना मागचा पुढच्याला ढकलेल. हां, गुडघे दुखणाऱ्यांना ही पाखाडी जमणार नाही, हे खरंच. त्यांनी सीपॉइंटला जावं, तिथे उतार सोपा आहे, उन्हाळ्यात लाइफगार्डही असतात. आणि जवळच्या फॉर्टी फूट या पोहायच्या जागी एके काळी फक्त पुरुषांना मुभा होती, 1974 मध्ये काही बायका सरळ पाण्यात उतरल्या तेव्हा कुठे ते मोडलं. त्यामुळे "जुनं आहे तसंच राहू द्या" असं सरसकट म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पण कोकणात गेले की हा दांडा आठवतो. मालवणजवळच्या वराडच्या माणसाचा मुलगा, लिओ वराडकर, 2017 मध्ये या देशाचा पंतप्रधान झाला, आणि तिकडे आपल्या किनाऱ्यावर सुधारणा म्हणजे अजून पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट आणि गावाच्या नावाची रंगीत अक्षरं. बुडाल्याच्या बातम्या दर मोसमात येतात, मग "पाणी धोकादायक आहे" असा बोर्ड लागतो. खडपावर, जिथे माणसं रोज उतरतात, तिथे हाताला धरायला काही नसतं.

गेल्या ऑगस्टमध्ये आई आली होती. तिला हळूहळू खाली नेलं. साडी पोटऱ्यांपर्यंत खोचून ती त्या छोट्या तलावाच्या कडेला बसली, पाय पाण्यात सोडले, "अगो बाई" म्हणून वर घेतले, पुन्हा सोडले. एक हात सारा वेळ कठड्यावर. मग मनगट पुढे करून मला दाखवलं. कालवं काढताना शेवाळावरून घसरून मोडलं होतं ते, मी चौथीत असताना, अजून थोडं वाकडंच आहे. तिने कठडा दोनदा हलवून पाहिला. हलला नाही.

"एवढाच तर लागतो," ती म्हणाली, आणि थर्मास मागितला.