शाळेचं वीजबिल कोण वाचतं?

जून आला की महाराष्ट्रात तोच वाद रंगतो: पर्यावरण हा गुणांचा विषय असावा की नुसता उपक्रम? सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात १९९१ सालीच हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुस्तकं आली, प्रकल्पवह्या आल्या, आणि त्याच वह्या दरवर्षी खालच्या वर्गाला उतरवून काढायला मिळतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधून हा वाद वाचताना वाटतं, शाळेचं स्वतःचं बिल त्यात कुठेच कसं नाही?

या शहराने १९९४ मध्ये शाळांसाठी ‘फिफ्टी-फिफ्टी’ योजना सुरू केली. वीज, पाणी आणि हीटिंगच्या खर्चात जी बचत होईल, तिचा निम्मा वाटा शाळेचा. पुढे युरोपात इतरत्रही ही पद्धत गेली. आधार म्हणून साधारणपणे मागच्या तीन वर्षांची सरासरी धरतात आणि थंडीच्या मानाने आकडा दुरुस्त करतात; नाहीतर उबदार हिवाळ्याचं श्रेय पोरांना मिळायचं.

मुलं थर्मामीटर घेऊन वर्गावर्गांत फिरतात. तो बाकाच्या उंचीवर, खिडकी आणि रेडिएटरपासून (खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पेटीपासून) लांब ठेवायचा. रेडिएटरची चावी खोलीचं तापमान ओळखून आपोआप उघडते-मिटते; ती ३ वर असली की खोली साधारण २० अंशांवर राहते, आणि एक अंश कमी केला तर हीटिंगची सुमारे ६ टक्के ऊर्जा वाचते. सगळ्यात मोठी गळती मात्र किलकिल्या ठेवलेल्या खिडकीची. खिडकीखालच्या रेडिएटरच्या चावीला गार हवा लागते, खोली थंड आहे असं समजून ती पूर्ण उघडते आणि दिवसभर रस्ता तापत राहतो. त्यापेक्षा चावी बंद करून पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या.

योजना फसते ती बहुधा हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाला, विश्वासात न घेतल्यामुळे. बॉयलरचं टायमर त्याच्या हातात. रविवारी रिकामी इमारत तापत असेल, तर मुलांनी बटणांशेजारी चिकटवलेल्या चिठ्ठ्यांना काय अर्थ?

हे जसंच्या तसं आपल्याकडे आणू नये. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठीचं संयुक्त अनुदान २५,००० रुपये. बिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेला वीज वाचवा म्हणणं ही थट्टा झाली. तिथे पाण्यापासून सुरुवात करावी: सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो, आणि वायसर बदलायला फार खर्च येत नाही.

शहरातल्या शाळांचं गणित वेगळं. दहा वर्ग, प्रत्येकात चार पंखे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, साधारण ३० वॅटचा. रोज पाच तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर जवळपास २,००० युनिट वाचतात. पण वायरमनने नवा पंखा जुन्या रेग्युलेटरवरच जोडला की आतलं सर्किट बिघडतं आणि सगळे म्हणतात, ‘हे नवे पंखे टिकत नाहीत.’ रेग्युलेटर वगळून थेट जोडणी हवी. (रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होणार, हेही गृहीत धरावं.)

घोडं पेंड खातं ते बचतीच्या वाट्यापाशी. बिल परस्पर शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्यालयात भरलं जात असेल, तर शाळेला ना आकडा दिसतो ना बचत. मुलांनी रोज सकाळी मीटर वाचून फळ्यावर युनिट लिहिले, तरी पुढे काय?

वृक्षारोपणाचंही तेच. ५ जूनला, पर्यावरण दिनी, शाळा उघडलेलीच नसते, म्हणून रोपं जुलैत लागतात, आणि फोटोसाठी वीतभर खड्ड्यात पन्नास. पावसाळा काढतात, हिवाळाही काढतात. मग मेची सुटी लागते, पाणी घालायला कोणी नसतं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात दहाच लावावीत, आणि वाचलेल्या बिलाच्या निम्म्या पैशांतून शिपाईमामांना किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना सुटीतल्या पाण्याचे पैसे द्यावेत. मुख्यालयाने एवढा एक ठराव केला तरी पुरे.