पॉवर प्रेस, पिन क्लच आणि बांधलेले बटण : एका प्रतिक्रियेला उत्तर

पॉवर प्रेस, म्हणजे रॅम हा वरखाली होणारा भाग डायवर (साच्यावर) आदळवून पत्रा कापणारे वा वाकवणारे यंत्र, त्याच्या सुरक्षेवरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. प्रेस शॉपमध्ये अनेक वर्षे काढलेल्या माणसानेच ती लिहावी, अशी ती आहे. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. आपले म्हणणे असे की जुन्या पिन क्लचच्या प्रेसला लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा धरून, तो हाताने तुटला की प्रेस थांबवणारे साधन) लावून काहीही साधत नाही; नव्या प्रेसवर तो तेलाच्या थेंबानेही बंद पडतो; दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत म्हणून दोन हातांची बटणे दिली तर कामगार त्यांतले एक बांधून ठेवतो; आणि सुरक्षा साधन हेही शेवटी यंत्रच असल्यामुळे ते बिघडले की त्याच्या भरवशावर बसलेल्याचाच हात जातो, त्यापेक्षा मनात धास्ती असलेला कामगार बरा.

पहिला मुद्दा मला निमूटपणे मान्य करावा लागेल. पिन क्लचच्या प्रेसमध्ये पेडल दाबले की क्लचची किल्ली फ्लायव्हील (सतत फिरणारे जड चाक) आणि क्रँकशाफ्ट (रॅम हलवणारा दांडा) यांना एकमेकांत अडकवते आणि शाफ्टचा एक फेरा पूर्ण झाल्याशिवाय ती सुटत नाही. रॅम अर्ध्यावर असताना कर्टनने हात ओळखला तरी त्याने थांबवायचे काय? शिवाय किल्लीला अडवणारी खीट झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर पेडल सोडलेले असतानाही प्रेस दुसरा स्ट्रोक मारते, म्हणजे तिथला बिघाड थेट हातावर येतो. अशा प्रेसवर पक्की जाळी, पट्टी आत सरकवण्यापुरती फट असलेला बंद डाय, किंवा बोट शिरणार नाही इतके कमी, म्हणजे 6 मिलिमीटरच्या आतले उघडणे, हेच खरे उपाय आहेत. लेखात मी ‘सर्व प्रेसना लाइट कर्टन लावावा’ असे सरसकट लिहिले होते. ते वाक्य मी दुरुस्त करत आहे.

आपला शेवटचा मुद्दा मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण साधन बिघडल्यावर काय होईल, या प्रश्नापासूनच फेल-सेफ रचनेचा विचार सुरू होतो. बिघाड होणार हे त्यात गृहीतच धरलेले असते; तो झाल्यावर यंत्र कोणत्या बाजूला कलंडेल, एवढेच रचनाकाराच्या हातात असते. आयर्लंडमधील आर्मा येथे 12 जून 1889 रोजी रविवारच्या शाळेतील मुलांना सहलीला नेणारी गाडी चढावर अडकली, तेव्हा ती तोडून पुढचे डबे आधी न्यायचे ठरले. त्या गाडीचे ब्रेक निर्वात निर्माण केल्यावर लागणारे होते. डबे सुटताच मागच्या भागाचे ब्रेकही सुटले, हातब्रेक आणि चाकांखालचे दगड पुरले नाहीत, आणि ते डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे 80 जण गेले. नळी तुटली की आपोआप लागणारा ब्रेक तोवर उपलब्ध होता. अमेरिकी संशोधक वेस्टिंगहाउसने हवेच्या दाबावरचा असा ब्रेक 1872 मध्येच केला होता. आर्माच्या अपघातानंतर ब्रिटिश संसदेने 1889 मध्येच कायदा करून प्रवासी गाड्यांना अशा जातीचे स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले.

न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या प्रेसमध्ये हेच तत्त्व आहे. तिथे हवा क्लच जोडते आणि ब्रेक सोडवते, तर ब्रेक लावण्याचे काम स्प्रिंगा करतात. त्यामुळे कंप्रेसर बंद पडला किंवा नळी फाटली तर रॅम थांबतो. क्लचला हवा देणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर काय, हा प्रश्न उरतो, म्हणून तिथे दुहेरी व्हॉल्व्ह असतो आणि दोघांपैकी एक अडकल्यास हवा दुसऱ्यातून बाहेर निघून जाते. इमर्जन्सी स्टॉपचा संपर्कही एरवी जुळलेला ठेवतात तो याचसाठी, की वायर तुटली तरी परिणाम बटण दाबल्यासारखाच व्हावा. (थांबणे म्हणजे नेहमीच सुरक्षित असे मात्र नाही. क्रेनला लावलेल्या विद्युतचुंबकाची वीज गेली तर लोखंड खाली कोसळते, म्हणून तिथे बॅटरीचा आधार द्यावा लागतो.)

तेलाच्या थेंबाने कर्टन बंद पडतो ही आपली तक्रार या नजरेने पाहिली तर ते साधन नेमके अपेक्षेप्रमाणे वागत आहे: किरण पोहोचला नाही, मग कारण हात असो की तेल, प्रेस थांबली पाहिजे. तरीही दिवसातून दहा वेळा विनाकारण थांबणारे साधन कोणीतरी बायपास करणारच, हे मी नाकारत नाही. तेल उडण्याची जागा झाकणे आणि कर्टन योग्य अंतरावर बसवणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. हाताचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल तर कर्टन धोक्याच्या जागेपासून निदान 400 मिलिमीटर दूर हवा, आणि ब्रेकचे लायनर झिजले की तेही अंतर अपुरे पडते. अनेक ठिकाणी जागा वाचवण्यासाठी तो डायला चिकटून बसवलेला असतो. असा कर्टन मात्र आपण म्हणता तसा खरोखरच घातक, कारण तो केवळ भरवसा देतो.

धास्तीबद्दल एवढेच म्हणेन की ती शिफ्टच्या पहिल्या तासात जितकी असते तितकी आठव्या तासात राहत नाही. हजारावा पीस ठेवताना हात सवयीने चालतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 111 मध्ये कामगाराने सुरक्षा साधनात ढवळाढवळ करू नये असे म्हटले होते, हे आपण दाखवून दिले ते योग्यच. परंतु त्याच अधिनियमाचे कलम 21 यंत्राचा धोकादायक भाग चालू असेपर्यंत त्याचे संरक्षण जागेवर ठेवण्यास सांगत होते, आणि हे कामगाराच्या स्वभावावर सोडलेले नव्हते.

राहिला बांधलेल्या बटणाचा प्रश्न. आपल्याकडे एक बटण बांधून प्रेस चालते, याचा अर्थ ती दोन बटणे एकामागोमाग एक नुसती जोडलेली आहेत. नीट केलेल्या मंडलात दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळत नाही. डाय उतरवलेला असताना, रॅमजवळ कोणी नाही याची खात्री करून, एक बटण रबराने बांधा आणि दुसरे दाबून पाहा. रॅम एकदाही हलता कामा नये. तो हलला, तर कामगाराला दोष देण्याआधी ते पॅनेल उघडून टू-हँड कंट्रोलचा सेफ्टी रिले (दोन्ही बटणांवर ही अट लादणारा स्विच) बसवून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. चाचणीत काय आढळले तेही अवश्य कळवावे.