45 अंशांत टाकीतले जीव मरतात, या समजुतीविषयी

भुसावळच्या एका गृहसंकुलाचे सचिव असलेल्या माझ्या दाजींनी परवा फोन करून सांगितले, की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचा ब्लोअर (टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारे यंत्र) पावसाळ्यापर्यंत बंद ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे येत आहे. कारण म्हणून त्यांनी भ्रमणध्वनीवर फिरणारा संदेश वाचून दाखवला: 45 अंशांत टाकीतले, घाण खाऊन पाणी शुद्ध करणारे सूक्ष्मजीव मरतात, तेव्हा हवा सोडणे ही विजेची उधळपट्टी, जूनमध्ये उकळत्या पाण्यातही न मरणारी ‘जलअस्वले’ (टार्डिग्रेड हे सूक्ष्म प्राणी) टाकावीत, थंडीत काहीच बिघडत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली किडे दिसल्यास ब्लीचिंग पावडर घालावी.

45 अंश हे हवेचे तापमान आहे, पाण्याचे नव्हे. खानदेशातली मे महिन्याची हवा कोरडी असल्यामुळे उघड्या टाकीतून सतत बाष्पीभवन होते, आणि माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने टाकी हवेइतकी तापत नाही. दाजींकडे दुपारी तीन वाजता थर्मामीटर बुडवला, तेव्हा 33 अंश भरले. मेटकाफ आणि एडी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सांडपाणी अभियांत्रिकीच्या पाठ्यग्रंथात जिवाणूंना 25 ते 35 अंश अनुकूल मानले आहेत, आणि नायट्रीकरण (जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट करणे) थांबते ते 50 अंशांना. म्हणजे मे महिन्यात टाकी मेलेली नसते, तर सर्वाधिक भुकेली असते.

म्हणूनच ब्लोअर बंद करण्याचा सल्ला निव्वळ चुकीचा नसून घातक आहे. शुद्ध पाण्यात 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना जेमतेम 7.5; उलट तेवढ्याच 10 अंशांच्या वाढीने जिवाणूंच्या कामाचा वेग साधारण दुप्पट होतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला असताना हवा तोडली, तर उरलासुरला प्राणवायू काही मिनिटांत संपतो, या जिवाणूंचा गाळ तळाशी बसून सडक्या अंड्यांसारखा वास सोडू लागतो, आणि सुटे जिवाणू खाऊन पाणी नितळ करणारे जीव, म्हणजे देठावर घंटेसारखे डोलणारे व्हॉर्टिसेला आणि रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी, गुदमरतात. उन्हाने न मारलेले जीव आपण मारायचे आणि वर उन्हाला दोष द्यायचा, असा हा प्रकार आहे. जूनमध्ये ब्लोअर सुरू केला तरी ही वस्ती पुन्हा बसायला काही आठवडे जातात, आणि तोवर तेच पाणी बागेत मुलांच्या पायाखाली असते.

पाणीच 40 अंशांपलीकडे गेले, तर आदिजीव (व्हॉर्टिसेलासारखे एकपेशीय जीव) आणि रोटिफर टिकत नाहीत, एवढे मात्र मान्य करावे लागेल. ती काळजी गरम सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याने करावी. घरांच्या न्हाणीतल्या पाण्याला ती लागू नाही.

जलअस्वलांची ख्याती वाळून निपचित पडलेल्या अवस्थेतली आहे. 2020 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात, त्यांच्या एका जातीचे हालते-चालते जीव 37.1 अंशांच्या पाण्यात 24 तास ठेवले असता निम्मे मेले. थंडीत नायट्रीकरण मंदावते, तेव्हा गाळ कमी काढून टाकीत अधिक दिवस राखावा लागतो. आणि संदेशात ज्यांना किडे म्हटले आहे ते व्हॉर्टिसेला-रोटिफर टाकीच्या आरोग्याची खूण आहेत. क्लोरीन द्यायचे ते गाळ वेगळा झाल्यावर शेवटच्या टाकीत.

वीज वाचवायचीच असेल, तर विरघळलेला प्राणवायू मोजणारे मीटर घ्यावे, आणि आवक कमी असते त्या रात्रीच्या वेळी लिटरमागे 2 मिलिग्रॅम राहील इतपत हवा कमी करावी. ठरावात एवढी दुरुस्ती मी दाजींना लिहून दिली आहे.