‘बाराची मागितली, आठाची गळ्यात मारली’ : अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

साहेब, नमस्कार.

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. इतर गिऱ्हाइकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी आधी मांडतो. अमेरिकेत मोंटानाला राहणाऱ्या मुलासोबत हरणाच्या शिकारीला जायचं होतं, त्यासाठी तुम्ही १२×५० ची दुर्बीण मागितलीत आणि आम्ही ८×४२ गळ्यात मारली (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये). रेंजफाइंडरच्या, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर १००० यार्ड लिहिलंय, पण हरीण साडेतीनशेच्या पुढे लागत नाही आणि कधी कधी ४० यार्ड असलाच आकडा येतो. ऑनलाइन हेच स्वस्त मिळतं. आणि ‘शिकार’ म्हटल्याबरोबर काउंटरवर पोलिसी चौकशी झाली.

चौकशीचं आधी संपवतो. ‘कशासाठी हवी?’ हे आम्ही शिवडीला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना विचारतो, महालक्ष्मीच्या रेसवाल्यांना विचारतो आणि पहिल्यांदा जहाजावर चढणाऱ्या पोरांनाही विचारतो. त्याशिवाय कुठलं कपाट उघडायचं तेच कळत नाही. शिकार म्हटलं की ‘कुठे?’ हा एक प्रश्न वाढतो, कारण आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला बंदी आहे आणि त्या कामासाठी आम्ही माल देत नाही. तुम्ही मोंटाना म्हणालात, तिथे ती रीतसर परवान्याने चालते, तिथेच विषय मिटला. राग आला असेल तर समजू शकतो, पण हा प्रश्न उद्याही विचारला जाईल.

आता दुर्बिणीकडे येतो. मोंटानात हरणावर गोळी चालवायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. दुपारी म्यूल डिअर, म्हणजे तिकडचं हरीण, सावलीला बसून राहतं, चरायला निघतं ते याच दोन टोकांना. म्हणजे दुर्बिणीची खरी परीक्षा त्या अंधुक उजेडात. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटर येतात. काचेतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा गोल एवढा रुंद असतो. ५० ला १२ ने भागलं तर चारच्या थोडं वर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर साधारण पाचच्या आसपास. तुमच्या वयाला सव्वापाच अगदी बेतशीर बसतात. म्हणूनच जहाजावरच्या पोराला देतो ती ७×५० मी तुमच्यासमोर काढलीही नाही. तिचा सात मिलिमीटरचा गोल तुमच्या डोळ्यात मावलाच नसता, उगाच वजन वाहिलं असतंत.

कुणी जाणकार तुम्हाला दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून दाखवेल की संधिप्रकाशाच्या हिशेबात १२×५० चे साडेचोवीस येतात आणि ८×४२ चे सव्वाअठराच्या थोडं वर, म्हणजे बाराची सरस. गणित बरोबर आहे. पण ते दुर्बीण हलत नाही असं धरून चालतं. बारा पट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही बारा पट मोठा दिसतो. ओव्हल मैदानाच्या कठड्याशी उभं राहून आपण तिन्ही लावून बघितल्या, आठवत असेल. बाराच्या दुर्बिणीत राजाबाई टॉवरच्या घड्याळाचे काटे नाचत होते आणि तुम्हीच म्हणालात, ‘हे काय डोळ्याला लागत नाही बुवा.’ दहाच्या दुर्बिणीत बरं होतं. आठाच्या दुर्बिणीत घड्याळ तर स्थिर होतंच, शिवाय खाली झाडाच्या सावलीत बॅट टेकून बसलेला मुलगाही तुम्ही आपणहून मला दाखवलात. शिकारीत नेमकं हेच करायचं असतं. अख्खं हरीण उभं दिसतं क्वचित. उभ्या खोडांमध्ये पाठीची एक आडवी रेघ दिसते, हललेला कान दिसतो, पाठमोरं असेल तर ढुंगणावरचा पांढरा ठिपका. त्याला स्थिर आणि रुंद चित्र लागतं.

मुलाच्या मित्रांकडे १०×४२ आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या उत्तम आहेत, तिकडच्या मोकळ्या डोंगराळ मुलखात सर्रास तीच वापरतात. पण ते तिशीतले, बिनचष्म्याचे, आणि बंदूकही त्यांच्याच हातात. तुम्ही चष्मा लावूनच बघता. तुम्हाला दिलेल्या दुर्बिणीचा आयरिलीफ १७ मिलिमीटर आहे, म्हणजे डोळा काचेपासून तेवढा लांब राहिला तरी पूर्ण गोल दिसतो. मात्र डोळ्याकडची रबरी वाटी फिरवून खाली बसवायला हवी. ती वर राहिली तर चष्म्यातून नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि मग माणूस म्हणतो दुर्बीण लहान आहे. तेवढं एकदा तपासून बघा.

तुमचं काम तिथे शोधून द्यायचं आहे, नेम मुलगा धरणार. शोधायचं दुर्बिणीनेच, रायफलच्या स्कोपने, म्हणजे तिच्यावर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीने, कधीच नाही. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळी वळते, आणि झुडपाआड हललेलं ते माणूसही असू शकतं. खाली बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने सावकाश वाचत जा.

रेंजफाइंडरबद्दल मात्र खोक्यावरच्या आकड्यावर माझाही राग आहे. १००० यार्ड हा आकडा प्रकाश परतवणाऱ्या पाटीचा असतो, रस्त्यावरच्या चकचकीत फलकासारख्या. हरणाची तपकिरी, केसाळ कातडी तेवढा लेझर परत पाठवत नाही. निम्म्याच्या आतबाहेर जे मिळेल ते हरणाचं समजायचं, आणि टळटळीत उन्हात त्याहूनही कमी. हे विकतानाच सांगितलं होतं, बिलामागे पेनाने ‘हरीण ४००’ असं लिहूनही दिलंय. तुम्हाला साडेतीनशे मिळाले ते दुपारच्या उन्हात असणार. त्याच जागी संध्याकाळी बघा, आकडा पुढे सरकेल. हरीण लागत नसेल तर त्याच्या शेजारच्या खडकावर लावा. हरणाला अंतर सांगायची काही गरज नसते, त्याच्या जागेचं कळलं की झालं.

४० यार्डाची गंमत वेगळी आहे. यंत्रात दोन मोड असतात. चेंबूरच्या गोल्फ क्लबचे लोक येतात त्यांना खड्ड्यावरच्या झेंड्याचं अंतर हवं असतं, मागच्या झाडांचं नको, म्हणून गोल्फच्या मोडमध्ये सगळ्यात जवळून परतलेला किरण धरला जातो. शिकारीत उलटं. समोर गवताचं पातं असतं आणि हरीण मागे, म्हणून लांबचा किरण धरायचा. तुमचं यंत्र झेंड्याच्या मोडवर गेलंय, ते ४० यार्ड त्या गवताचे आहेत. मोडचं बटण दोन सेकंद दाबून धरा, कोपऱ्यातलं झेंड्याचं चिन्ह गेलं की काम झालं. एकक यार्डच ठेवा, आम्ही मुद्दाम तसं लावून दिलंय. मुलाच्या रायफलचा हिशेब यार्डात असणार, आणि तुम्ही ४०० मीटर सांगितलंत तर तिकडे ते ४३७ यार्ड होतात. चढउतारावर कोनाचा पर्यायही चालू ठेवा. ३० अंशांच्या उतारावर तिरकं अंतर ४०० यार्ड असलं तरी नेम ३४६ यार्डाचा धरायचा असतो, नाहीतर गोळी पाठीवरून जाते.

किंमत. ऑनलाइन स्वस्त आहेत, खरंच आहेत. तुम्ही जी लिंक दिलीय त्या यंत्रातले आकडे काळे आहेत, तुमच्यातले लाल पेटतात. पहाटे काळ्या झाडीवर काळा आकडा वाचून दाखवा, मी फरक परत करतो. आणि फूटपाथवर ‘२०–१८०×१००’ लिहिलेली दुर्बीण मिळते ती तर आणखी स्वस्त असते. काच मोजली तर शंभर मिलिमीटरच्या जवळपासही नसते, पण खोकं काय, छापणाऱ्याचं असतं.

एवढ्यावरही बाराचीच हवी असेल तर देतो. दुर्बीण बदलून घ्या, फरकाची रक्कम भरा, सोबत तिपाईचा अडॅप्टर घ्या, कारण तिपाईशिवाय बाराची मी तुम्हाला विकणार नाही. मुंबईत याल तेव्हा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास या, दिवे लागायच्या आत मैदानावर पुन्हा बघू. रेंजफाइंडरही आणा, मोड माझ्यासमोर लावू. आणि पावसाळ्यात आलात तर दोन्ही वस्तू चामडी पाकिटात कोंबून कपाटात ठेवू नका, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. इथल्या जुलैत काचेवर बुरशी धरली की ती कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.